सातवा रेग्युलेटर

सातवा रेग्युलेटरही भावोजींनी उलटासुलटा करून पाहिला आणि खोक्यात परत ठेवला.

"डायल बारीक आहे."

"सहाव्याची मोठी होती," वहिनी म्हणाल्या. "तेव्हा म्हणालात, डोळ्यांत खुपते."

"भाऊ, लग्नात तर पहिल्याच स्थळाला हो म्हणालात की!" फिटर कोपऱ्यातून ओरडला.

"तेव्हापासूनच सावध झालोय."

त्या कारखान्यात खरेदी वहिनींकडे होती आणि गॅस कटिंग त्यांच्या दिराकडे. गेले आठ महिने कापलेल्या जाड लोखंडी प्लेटांच्या कडा करवतीसारख्या दातेरी निघत होत्या. भावोजींचे निदान ठाम होते: दोष ऑक्सिजनच्या रेग्युलेटरचा. निदान शास्त्राला धरूनही होते. जुना रेग्युलेटर सिलिंडरचा दाब एकाच टप्प्यात उतरवी. सिलिंडर रिकामा होऊ लागला की ठरवलेला दाब सरके, ज्योत बिघडे, कड खराब होई. दोन टप्प्यांत दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरचा काटा शेवटपर्यंत जागेवर राहतो, हे वहिनींनी तीन पुस्तकांतून पडताळून घेतले होते.

थोरल्यांनी, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी, एकही पुस्तक उघडले नव्हते; त्यामुळे त्यांचे मत फार लवकर पक्के झाले होते. आणखी एक प्लेट नापास झाली की कटिंगसाठी संगणकावर चालणारे यंत्र यायचे आणि सव्वीस वर्षे कटिंगचा टॉर्च धरलेल्या धाकट्या भावाने गोदामात खिळे मोजायचे.

वहिनींना कुतूहल होते ते वेगळ्याच गोष्टीचे. ज्या वस्तूला माणूस दिवसातून दहा वेळा शिव्या घालतो, तिच्या जागी दुसरी आली की त्याला पहिलीचा एवढा पुळका का यावा?

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कोणालाही विचारले नाही. सिलिंडर बंद केला, नळीतला दाब सोडला, जुना रेग्युलेटर उतरवून दोन टप्प्यांचा सातवा चढवला. सिलिंडर उघडून, गळती पाहायला सांध्यांवर साबणाचे पाणी लावले. एकही बुडबुडा आला नाही.

"घ्या, भावोजी," त्या म्हणाल्या. "आज बॉयलरचं झाकण कापायचंय."

भावोजींनी रेग्युलेटरकडे पाहिले, वहिनींकडे पाहिले. मग गॉगल डोळ्यांवर ओढून ते खडूने आखलेल्या वर्तुळापाशी बसले.

वहिनी ज्योतीकडे पाहतच नव्हत्या. त्यांची नजर डायलवर होती. ठिणग्या उडाल्या, वर्तुळ पुरे झाले, झाकण खाली खणकले. तेवढ्या वेळात काटा चित्रात काढल्यासारखा उभा होता.

प्लेट निवल्यावर त्यांनी कडेवरून बोट फिरवले. कड दातेरी होती.

बोट तिथेच थांबले. आठ महिन्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले होते, आणि ते मिळाले नसते तर बरे झाले असते असे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटले.

"झाली का प्लेट?" थोरले दारातून आत आले. त्यांनी कड पाहिली. "पुन्हा तेच!"

"रेग्युलेटरच खराब निघाला," वहिनी घाईने म्हणाल्या. "काटा सारखा नाचत होता. मी स्वतः बघत होते. परत पाठवते, आठवा मागवते."

थोरल्यांनी मान हलवली. बायकोच्या शब्दावर त्यांनी कधी शंका घेतली नव्हती. ते जायला वळले.

भावोजींनी विझवलेला टॉर्च आकड्याला अडकवला आणि गॉगल कपाळावर सरकवला.

"दादा, थांब. वहिनी खोटं बोलतायत. काटा जागचा हलला नाही."

मग त्यांनी उजव्या हाताचा मोजा सावकाश ओढून काढला आणि उघडा हात भावासमोर धरला.

"हलतो तो हा."