चाटूनपुसून ताट

"मला उठव आता," गॉर्डन पुटपुटला. "माझं मला उठवत नाही."

नोएलीनने चेहऱ्यावरचं हसू ढळू न देता नवऱ्याच्या दंडाला हात दिला. त्याच्यापुढचं ताट लख्ख होतं. अळूचे उकडलेले कंद, नीरफणसाच्या फोडी, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं, अख्खा मासा. काही म्हणून उरलं नव्हतं. घरधन्याने दोघांचे हात हातात घेतले, रिकाम्या ताटांकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"किती नम्र माणूस!" वाटेत नोएलीन म्हणाली.

"नम्र आहे गं, पण वाढतो केवढं! गेल्या खेपेला याच्या निम्मंसुद्धा नव्हतं."

"आपण आवडीने खातो, म्हणून वाढवतात बिचारे."

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला मेंढ्या पाळण्यात दोघांचा जन्म गेला होता. म्हातारपणी मेंढ्या विकून ते चर्चच्या सेवेसाठी सामोआतल्या या गावी आले होते. गॉर्डन पाण्याच्या टाक्या आणि नळ दुरुस्त करायचा. नोएलीन सकाळी झाडाखाली मुलांना वाचायला शिकवायची. संध्याकाळी आळीपाळीने एकेका घरी जेवण आणि प्रार्थना. गावातली मोठी माणसं त्यांना चर्चच्या रीतीने एल्डर आणि सिस्टर म्हणत. पोरं मात्र सरळ आजोबा-आजी म्हणून गळ्यात पडत.

जेवताना यजमान समोर बसून पंख्याने वारा घालत. घराला भिंती नव्हत्या, नुसते खांब. मुलं बाहेरच्या दगडी ओट्यावर बसून पाहुण्यांचा घास न् घास बघत. ज्या घरी जेवण होई, तिथली मुलं दुसऱ्या दिवशी वर्गात हमखास पेंगत. "पाहुणे आले की झोपत नाहीत लबाड," असं म्हणून नोएलीन त्यांना जरा वेळ आडवं होऊ द्यायची.

ताटात काही टाकायचं नाही, हे दोघांनाही लहानपणी रागावून, प्रसंगी मारून शिकवलेलं. नोएलीनची आई उरलेला बटाटा दुसऱ्या दिवशी न्याहारीला तोच पुढे ठेवायची. आणि इथे तर लोक आपल्या तोंडचा घास काढून वाढतात. तो टाकायचा?

त्या आठवड्यात ऑकलंडहून चर्चच्या डॉक्टरांचा फोन आला.

"एल्डर, तुमची साखर वाढतेय, वजन वाढतंय, रक्तदाबाचं तर बोलायलाच नको. तिथे करता काय तुम्ही?"

"जेवतो," गॉर्डन म्हणाला.

"मग कमी जेवा. पुढच्या तपासणीत फरक दिसला नाही, तर मी तुम्हाला परत बोलावणार. आता ऐकून घेणार नाही."

फोन ठेवून गॉर्डन पायरीवर येऊन बसला.

"परत जाऊन करायचं काय?" तो म्हणाला. "मेंढ्या नाहीत. पोरं सिडनीला. भिंतीवरच्या घड्याळाशी बोलत बसू?"

"मग खाऊ नकोस."

"आणि त्यांचा अपमान करू? उद्या कोण दारात उभं करेल आपल्याला? तुझ्या वर्गाला पोरं पाठवतील?"

त्याने एक युक्ती केली. पुढच्या घरी अळूचा कंद हळूच खिशात सारला. पण परतताना गावातली तीन कुत्री त्याच्या पॅंटला नाक लावून पार दारापर्यंत आली.

"वरात छान होती," नोएलीन म्हणाली. "नवरदेव तेवढा जाड आहे."

दुसऱ्या दिवशी मासीनाच्या घरी जेवण होतं. मासीनाने बिचारीने डुकराचं मांससुद्धा केलं होतं. तिची म्हातारी सासू, फेतू, पंखा घेऊन बसली. ओट्यावर मासीनाची सहा वर्षांची मुलगी लागी आणि तिची भावंडं.

गॉर्डनने दोन घास खाल्ले आणि तो घामाने डबडबला. त्याने तिसऱ्यासाठी हात पुढे केला, तेव्हा नोएलीनने तो धरला. आपलंही ताट तिने बाजूला सरकवलं. दोन्ही ताटं अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

"मासीना, मला माफ कर," ती म्हणाली. "जेवण फार छान झालंय. पण आता आमच्याच्याने एक घासही जाणार नाही. पोट अगदी भरलं."

फेतूचा पंखा थांबला. मासीनाने तोंडावर हात ठेवला, ताडकन उठली आणि बाहेर धावली.

"झालं," गॉर्डन म्हणाला. "सामान बांध."

बाहेरून मासीनाचा आवाज आला. ती शेजारणीला हाका मारत होती. "अगं ए, ऐकलंस का? उरवलं त्यांनी! माझ्या घरी उरवलं!"

शेजारीण धावत आली, तिच्यामागून तिचा नवरा. दोघं खांबांशी उभे राहून ताटांकडे बघत राहिले. नोएलीनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात फेतूने तिचे दोन्ही हात ओढून आपल्या गालांना लावले. म्हातारीचे डोळे भरून आले होते.

"सिस्टर, अख्ख्या गावाने हात टेकले होते हो! कुणी मासे वाढवले, कुणी कोंबडी कापली. कुणाच्याच घरी तुमचं पोट भरेना. ताटं आपली रिकामीच्या रिकामी. लाजेने मेलो होतो सगळे."

"म्हणजे... उरवायचं असतं?" गॉर्डनने विचारलं.

"नाहीतर पाहुणा तृप्त झाला, हे कळायचं कसं, एल्डर?"

गॉर्डनने दोन्ही ताटांकडे पाहिलं. मग हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. शेजारीही हसले, मासीनाही हसली. नोएलीनने इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. आता न्यूझीलंडला परत जावं लागणार नव्हतं.

मासीनाने दोन्ही ताटं उचलली, चटईच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली आणि ओट्याकडे बघून टाळी वाजवली. मुलं आत धावली आणि ताटांभोवती दाटीवाटीने बसली. कुणी काही बोलेना, नुसती खात सुटली. लागीने मांसाचा तुकडा दोन्ही हातांनी उचलला, तोंडाशी नेला आणि थांबली. तिने नोएलीनकडे वळून विचारलं, "आजी, नंतर परत मागणार नाही ना?"