चावलं का?

“कुछ काटा था क्या, माताजी?”

कलावतीबाईंनी मान हलवली. नाही.

हाच प्रश्न डॉक्टरांनी कालही विचारला होता. परवाही. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइड नाही; ताप मात्र हटत नव्हता, आणि आज तळहातांवर बारीक लाल ठिपके उठले होते. अजून दोन दिवस असंच चाललं तर किडनीवर जाईल, असं त्यांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं. घरच्या बोलीत विचारून बघा, म्हणाले.

हिंदीत वाढलेल्या सुमेधाला मराठी सगळं समजायचं. बोलताना जीभ अडखळायची.

“आई, काही चावलं का तुम्हाला?”

“काही नाही चावलं, बाई.”

नाही. पुन्हा नाही.

डॉक्टर पलीकडच्या खाटेकडे वळले. तिथं सिहोरा गावचे एक बाबा, तसाच ताप. तोच प्रश्न. तीच मान.

कलावतीबाईंना रिपोर्टांचं काही नव्हतं. त्यांना कांचघर मोहल्ल्यातल्या आपल्या घरची खबर हवी होती. टायगर दारात झोपतो का? जेवतो का? जेवत नाही, सुमेधा बोलून गेली. (कुत्र्याचं तरी खोटं सांगायला हवं होतं.)

“त्याच्या गोचिडी कोण काढून राहिलं?”

“कोणीच नाही. मला डर लागते, आई. चावली तर?”

म्हातारी हसली. ओठ फुटलेले, तरी हसली.

“काहून भेतं वं? गोचीड कुठं चावते? नुसती चिकटते.” तिनं कानामागचे केस सारले. “हे पाह्य. इथं चिकटली होती. ओढून फेकली.”

कानामागे काळी खपली.

वॉर्डात धावायचं नसतं. सुमेधा धावली. डॉक्टरांना आधी गोचीड म्हणाली, मग हिंदीत किलनी म्हणाली, मग नुसतंच स्वतःच्या कानामागे बोट लावून उभी राहिली.

डॉक्टरांनी खपली पाहिली. बराच वेळ पाहिली. मग गोळी बदलली. साधीच गोळी. किलनी का बुखार है, अब उतरेगा, म्हणाले.

टायगरला पण तीच चालते का, कलावतीबाईंनी विचारलं. त्याचा डॉक्टर वेगळा, ते म्हणाले, आणि स्टूल ओढून पलीकडच्या खाटेपाशी बसले.

“बाबा, कुछ चिपका था क्या?”

या वेळी बाबांनी लगेच मान हलवली नाही.