पान उघडत नाही

“‘तुमचं पान उघडतच नाही, मग आईला बघणार कसं?’ असं पोरं म्हणतात आणि आम्ही मुकाट ऐकून घेतो,” वृद्धाश्रमाच्या बाई म्हणाल्या. “आमच्या वेबसाइटचं काय ते बघा एकदाचं.”

वेबसाइटवाल्यानं लॅपटॉप उघडला. दुखणं लगेच सापडलं. प्रत्येक खोलीत छोटा कॅमेरा होता. घरच्यांनी आपल्या माणसाचं पान उघडलं, की त्या खोलीतला व्हिडिओ कुणी न मागता सुरू व्हायचा. त्या ओझ्याखाली पान मान टाकायचं.

“कॅमेऱ्यावर दिवा कशाला?”

“कुणी बघत असलं की हिरवा लागतो. चोरून बघायचं नाही, हा आमचा नियम. दिवा लागला की आमचे मास्तर घाईघाईनं कवळी बसवतात. एक आजोबा तर कॅमेऱ्यावर टोपीच टाकतात. म्हणतात, बघायचंय तर या म्हणावं इथं.”

बाई हसल्या. तोही हसला आणि काम घेऊन घरी आला.

चाचणीसाठी त्यानं सगळ्यांत जड पान निवडलं. चित्रात नुसती भिंत असली तर व्हिडिओ हलका राहतो. काही हलत राहिलं की प्रत्येक क्षणाचं चित्र नव्यानं पाठवावं लागतं. या पानावर पंख्याच्या वाऱ्यानं एक पिवळा पडदा सारखा फडफडत असायचा. हे पान पळालं, तर बाकीची पळणारच होती.

दुसऱ्याच्या खोलीत डोकावायचं नाही, हा त्याचा दंडक. आवाज बंद ठेवायचा आणि व्हिडिओची चौकट खाली इतकी सरकवायची, की वरची बोटभर पट्टीच दिसेल. त्या पट्टीत पडद्याचं वरचं टोक दिसे. कधीमधी एक हात वर यायचा, हलायचा, खाली जायचा. माशा हाकलत असेल कुणी. त्याचं लक्ष सेकंदांवर. पान उघडायचं, वेळ बघायची, बंद करायचं, जरा बदल करायचा, पुन्हा उघडायचं.

“अजून तेच पान?” बायको त्याच्यापुढे चहा ठेवत म्हणाली. “सकाळपासून कितीदा उघडलंस?”

“कोण मोजतंय!”

“त्या पडद्याशीच संसार थाटायचा होतास. माझ्याकडे इतक्यांदा बघितलं असतंस, तर मी रोज नटून बसले असते.”

व्हिडिओ बारीक करून झाला, तुकडे पाडून झाले. पान धापा टाकायचं काही थांबेना. दोन आठवडे डोकं आपटल्यावर त्यानं सोपी युक्ती केली. व्हिडिओच्या जागी खोलीचा एक स्थिर फोटो ठेवला. फोटोवरचं बटण दाबलं तरच व्हिडिओ येणार, एरवी नाही. पान पापणी लवायच्या आत उघडलं.

“ज्याला बघायचंय तो दाबेल की,” तो बायकोला म्हणाला.

नवं पान सुरू झालं. दोन दिवसांनी तो आश्रमात गेला, तर बाई खुशीत होत्या.

“एकाची तक्रार नाही! लोक येतात, तब्येतीचा अहवाल वाचतात, जातात.”

“बटण किती जण दाबतात?”

बाईंनी टेबलावरचं पेन उचलून दुसरीकडे ठेवलं. “शेवटच्या खोलीतल्या आजींना तुम्हाला भेटायचंय. जा जरा.”

आजी व्हरांड्यातच वाट बघत उभ्या होत्या. इस्त्रीचे कपडे, चापूनचोपून बसवलेले केस.

“तुम्हीच का ते दुरुस्तीवाले? सुखी राहा बाबा! वर्षभर माझा दिवा लागला नव्हता. मुलगा फोनवर म्हणायचा, आई, तुझं पान उघडतच नाही. मला वाटायचं, थापा मारतोय. घर भाचीच्या नावावर करायचं ठरवलं होतं मी. दर आठवड्याला येते बिचारी, नखंसुद्धा कापून देते.”

“मग?”

“मग काय! तुम्ही दुरुस्ती काढलीत आणि माझा दिवा लागायला लागला. दिवसातनं कितीदा तरी! खोटं कशाला बोलू, रडले मी. तो नुसता बघायचा, बोलायचा नाही. मीच बोलायचे. मनातलं सगळं सांगून टाकलं. माफ कर रे बाळा म्हटलं, तुझ्यावर संशय घेतला.” आजींनी डोळे पुसले. “परवा वकिलाला बोलावून सही केली. घर मुलाचं. भाचीला सांगितलं, तर ती उठून गेली. नखं तशीच राहिली बघा.”

मग त्यांनी आवाज खाली आणला.

“पण त्याच दिवसापासून दिवा लागत नाही. तुमच्या यंत्राचंच काहीतरी असेल ना? की सही झाली, म्हणून...”

“छे हो, आजी!” त्याला हायसं वाटलं, उत्तर सोपं होतं. “आता बटण दाबावं लागतं. त्यांच्या लक्षात आलं नसेल. मी कळवतो त्यांना.”

“तरी म्हटलं! माझा मुलगा तसा नाहीच.” आजींचा चेहरा खुलला. “चला, दाखवते तुम्हाला, कुठं बसून बोलायचे मी.”

त्या त्याला आत घेऊन गेल्या. पंख्याचं बटण दाबून खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आणि दारावरच्या कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी हात डोक्यावर उंच नेऊन हलवला.

“असा हात करायचे. दिसत असेल ना हो त्याला नीट?”

पंख्यानं वेग घेतला आणि त्यांच्या मागचा पिवळा पडदा फडफडायला लागला.