निरोगी माणूस

डॉक्टर ज्योत्स्नाला एक निरोगी माणूस हवा होता. साठीच्या आसपासचा, हाडांचं काही दुखणं नसलेला. त्याच्या कमरेच्या हाडातून सुईनं थोडी मज्जा काढायची होती.

"मज्जेत मूळपेशी असतात, काकू. हाड बांधायचं काम त्यांचं," तिनं बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात धुरपदाबाईंना समजावलं. "उखर्डूकाकांच्या त्या पेशी मेलेल्या नाहीत. पण कॅन्सरच्या पेशी त्यांना निरोप धाडतात, की बांधू नका."

"आन् त्या ऐकतात?"

"ऐकतात. निरोप कसा जातो, तेच आम्ही शोधतोय. निरोगी माणसाच्या पेशी त्या कॅन्सरशेजारी ठेवून बघायच्या आहेत."

धुरपदाबाईंना त्यातलं निम्मं कळलं. नवऱ्याचं हाड पुन्हा बांधलं जाणार, एवढं त्यांनी धरून ठेवलं. उखर्डूंच्या दोन फासळ्या नुसत्या खोकल्यानं मोडल्या होत्या. मणके खचून ते चार बोटं बुटके झाले होते. केळीचा घड खांद्यावर घेऊन बांध ओलांडणारा माणूस आता सदऱ्याच्या बाहीत हात घालायला बायकोला हाक मारायचा. तरी ज्योत्स्ना इंदूरहून आली, की ते जाऊन सुई टोचून घ्यायचे. संध्याकाळी धुरपदाबाई विचारायच्या, "आली का दवा?" ते म्हणायचे, "बनून राहिली. टाइम लागतो," आणि जेवायला बसायचे.

निरोगी माणूस शोधायला धुरपदाबाई घरच्यांकडेच गेल्या. दीर प्रभाकर दोन्ही वेळ भरपेट जेवून गावच्या शनवारा वेशीपर्यंत पायी जाऊन येत. त्यांना त्याच दिवशी चक्कर यायला लागली. नणदेचे यजमान सुरेश यांची शुगर वाढली. ती कुणी मोजली नव्हती, पण त्यांना आतून जाणवत होतं. पुतण्या योगेंद्र तरणा, तो डॉक्टरला चालणारच नव्हता. तरी त्यानं मोबाइलवर बघून सांगितलं, "काकी, रिस्क है. पाय बी जाऊ शकतात."

आठवडाभरात त्या खटल्याच्या घरात निरोगी माणूस उरला नाही. तेव्हा धुरपदाबाईंच्या लक्षात आलं, की आपल्याला काहीच झालेलं नाही.

रेशनला जाते असं उखर्डूंना सांगून त्या रिक्षानं दवाखान्यात गेल्या. रक्त तपासून झालं होतं, सगळं ठीक निघालं होतं. नर्सनं त्यांना कुशीवर निजवलं. सुई हातात घेण्याआधी ज्योत्स्ना स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली.

"काकू, एक गोष्ट पुन्हा सांगते, नीट ऐका. हा नुसता अभ्यास आहे. काकांना याचा फायदा नाही. यातून औषध निघालंच, तर त्याला खूप वर्षं लागतील. ते काकांच्या वाट्याला येणार नाही."

धुरपदाबाईंनी उशीवरून मान उचलली.

"त्यांले माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं. दर वेळी सांगते. दर वेळी ते म्हणतात, घे बेटा."

"मले तर म्हणतात, दवा बनून राहिली."

ज्योत्स्ना म्हणाली, "नको वाटत असेल तर आत्ता उठा. कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही."

धुरपदाबाई उठून बसल्या. पदर सारखा केला. पायांनी खाली चपला चाचपल्या. एक सापडली, दुसरी पलंगाखाली गेली होती. ज्योत्स्नानं हातमोजे काढायला घेतले.

"दुखते का सुई?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"जागा बधिर करतो. पण मज्जा ओढताना कळ निघतेच. काका उशी दातांत धरतात."

घरी आल्यावर उखर्डू कधी याबद्दल बोलले नव्हते. उलट त्या दिवशी दोन घास जास्तच खायचे. धुरपदाबाईंनी पायातली चप्पल काढली आणि पुन्हा कुशीवर झाल्या. कमरेवरचं लुगडं स्वतःच सैल केलं.

"त्यांचं जेवढं घेतलं, तेवढंच माझं घे."

कळ निघाली ती पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली. त्यांच्या तोंडातून आवाज आला नाही. पट्टी लावून झाल्यावर त्या बराच वेळ तशाच पडून राहिल्या, मग भिंतीला धरून बाहेर निघाल्या. ज्योत्स्ना रिक्षापर्यंत सोबत आली.

"काकू, मी बोलू का काकांशी? तुम्हाला आता सगळं कळलंय, असं त्यांना सांगते. दोघांत लपवाछपवी कशाला?"

धुरपदाबाई आधी रिक्षात नीट टेकून बसल्या.

"नको सांगू," त्या म्हणाल्या. "जन्मात पहिल्यांदा त्यांले माझ्याशी खोटं बोलता आलं."