देवाचा दोर

आमच्या नाटकात सगळ्यांचा पुरता गुंता झाला की शेवटी आकाशातून देव उतरतो आणि दोन वाक्यांत तो सोडवतो. देवाचा मुखवटा घालायचे आमचे मालक. रंगमंचाच्या छपरामागे वजन उचलायची लाकडी यारी होती, तिच्या दोराने त्यांना खाली सोडायचो मी.

बायको तापाने फणफणली होती, त्या दिवशी मी मालकांना म्हटलं, "आज घरी जाऊ द्या. तिच्याजवळ कोणी नाही."

"आणि मला खाली कोण उतरवणार, तुझा सासरा?" मुखवटा बांधत मालक म्हणाले. "उगाच रडगाणं नको. तिच्याकडे देव बघेल."

देवाला सुखरूप उतरवून मी घरी धावलो. ती गेली होती. पाण्याचा पेला तिच्या हातापासून वीतभर लांब राहिला होता.

आज नाटकांची स्पर्धा. दगडी पायऱ्या माणसांनी भरलेल्या, पुढे परीक्षक बसलेले. गाणाऱ्यांनी हात वर करून देवाचा धावा केला. मी मालकांना छपरावरून पुढे झुलवलं, अर्ध्यावर थांबवलं आणि दोराला खुंटाशी पक्की गाठ मारली. देव हवेत पाय झाडत गरगर फिरू लागला. आधी मागची पोरं हसली, मग परीक्षकही.

"अरे, कुठे निघालास?" मुखवट्याआडून मालक ओरडले. "मला खाली कोण उतरवणार?"


शिडी उतरता उतरता मी म्हटलं, "देव बघेल, मालक."