घडी न घालता

“यावर स्वतःला काढा. आज जशा आहात तशा,” असं म्हणून चित्रवाल्या बाईंनी मास्टरीणबाईंच्या पुढ्यात खाकी कागद पसरला. वॉर्डातल्या बाकीच्या बायका रंग घेऊन बसल्या होत्या. कुणी ढग काढत होतं, कुणी नुसतंच काळं फासत होतं.

मास्टरीणबाईंचा जन्म गेला ब्लाऊज शिवण्यात. खाकी कागद दिसला की हात आपोआप चालायचे. त्यांनी कागदाची उभी घडी घातली, अर्ध्या अंगाची रेघ मारली, कात्री मागून घेतली आणि सर्रकन कापत नेलं. छातीचे टक्सही दोन्ही पदरांतून कापले. घडी उघडली. उजवी-डावी बाजू अगदी सारखी.

शेजारी बसलेल्या नणंदेला कोण आनंद झाला. “बघ वहिनी, अगदी पहिल्यासारखी!” तिनं पिशवीतून स्वतः शिवून आणलेली कापसाची गादी काढली. “उद्या घरी जाताना ही ब्लाऊजच्या आत घाल. दुकानात गिऱ्हाइकं येणार. डावीकडचं काढलंय, हे कुणाला कळायचंही नाही.”

मास्टरीणबाई कागदाकडे बघत राहिल्या. आजवर दुसऱ्याच्या मापात सुताएवढी चूक केली नाही, आणि स्वतःचं माप असं धडधडीत खोटं! त्यांना रडू नाही आलं, राग आला. डोक्यावर केस नाहीत, तोंडाला चव नाही, वर आता हे कापसाचं नाटक कुणी सांभाळायचं?

त्यांनी कागद चुरगळला. “बाई, दुसरा द्या. आणि वन्सं, टेप काढा. माझं माप घ्या.”

“इथं? सगळ्यांसमोर?”

“मग? चोरी केलीय का मी?”

नणंदेनं कशीबशी टेप लावली. उजवीकडे हात बरा चालला. डावीकडे व्रणाशी आला आणि अडला. मास्टरीणबाईंनी तो धरून तिथंच दाबून ठेवला.

“वाचा आकडा. मोठ्यानं.”

नणंदेनं वाचला. रंगवणाऱ्या बायकांचे हात थांबले.

नवा कागद सपाटच राहिला. मास्टरीणबाईंनी उजवी बाजू वेगळी आखली, डावी वेगळी, सरळसोट. मग बाईंच्या पेटीतला लालभडक खडू उचलून सगळं भरून काढलं. “ब्लाऊज असाच शिवणार. ह्याच रंगाचा. आणि घालून दुकानात उभी राहणार.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची असते, वहिनी.”

“असू दे. मला नकोत ते सव्वा लाख.”

नणंदेनं गादी पिशवीच्या तळाशी कोंबली, डोळे पुसले आणि कात्री हातात घेतली. ती रेघेवर ठेवणार, तोच मास्टरीणबाईंनी आपल्या काडीसारख्या झालेल्या दंडावरून हात फिरवला.

“अगदी रेघेवर नको, वन्सं. दोन्हीकडे दोन-दोन बोटं जास्त ठेवा. मला अजून जाड व्हायचंय.”