चैनवालं बायबल

आण घेऊ ने असं शास्त्रात हाय, तरी घेते. यातला शब्द न शब्द खरा हाय!

उपवासकाळ लागला तसं लातूरच्या सलोमीबाईनं भर चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, "मोबाईलच्या नादात माणूस कशासाठी जगतो तेच इसरला. चाळीस दिवस मी फोनला हात लावणार न्हाई." तवापासून ती दिवसातून चारदा बायबल घेऊन आतल्या खोलीत जायची अन् कडी लावायची.

इकडं सून रिबेकानं घर मोकळं करायला काढलं होतं. जुने डबे गेले, फुटकी सुटकेस गेली. सलोमीबाईला लई संशय, ही बया एक दिवस मलाबी बाहेर काढती. अन् रविवारी पाहती तर फळीवरचं चैनच्या कव्हरातलं बायबल गायब!

"भंगारात घातलंस काय गं?"

"न्हाई ओ आत्या. पाळकसाहेबाला मोठ्या अक्षराचं पायजे होतं, आजच्यापुरतं दिलं."

सलोमीबाई अनवाणीच पळत चर्चमध्ये शिरली. पाळकसाहेबाचे डोळे भरून आले. "बघा मंडळी, शास्त्राची ओढ असावी तर अशी!" म्हणत त्यांनी बायबल वर उचललं, अन् कव्हराच्या कप्प्यात मोबाईल वाजायला लागला. मागं दारात रिबेका फोन कानाला लावून उभी होती.



बरं, एक गोष्ट मनानं रचलेली हाय. सलोमी हे माझ्या विहिणीचं नाव. रिबेका मात्र माझीच सून.